वन्संची काच

माझ्या नणंदेला जेवायला बोलावणं हे धाडसाचं काम आहे. जेवण छान होतं, गप्पा रंगतात, आणि हात धुवून येता येता वन्संची नजर एखाद्या भिंतीवर जाते. मग पर्समधून इवलीशी हातोडी बाहेर निघते. टक, टक, टक. कान भिंतीला लागतो. घरमालकिणीच्या तोंडचं पाणी पळतं, माझे मिस्टर पंख्याकडे बघायला लागतात, आणि वन्सं शांतपणे विचारतात, इथे आधी दार होतं का? बहुतेक वेळा असतं. नातेवाइकांत त्यांना ठोकआत्या म्हणतात आणि ते त्यांना ठाऊक आहे.

वन्सं स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत. घराचा आराखडा आर्किटेक्ट काढतो, विटा गवंडी रचतो, रंग आणि दिवे सजावटकार निवडतो, आणि कौतुक या तिघांचं होतं. वन्संचं काम नीट झालं की ते दिसतच नाही. छत डोक्यावर पडलं नाही म्हणून इंजिनिअरला फुलं पाठवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्यांचा प्रश्न एकच असतो, हे वजन जाणार कुठे? भिंत पाडायची म्हणता, पाडा, पण तिच्या डोक्यावर जे बसलंय ते उद्या कोणाच्या डोक्यावर बसवणार? हा प्रश्न त्या घरमालकाला विचारतात, ठेकेदाराला विचारतात, आणि मी फ्रीजवर डब्यांची उतरंड रचली की मलाही विचारतात.

आता माझ्याविषयी एकदाच सांगते. मी रागीट आहे. लोक राग गिळतात, मी चघळते. मी या घरात आले तेव्हा सगळ्यांनी सांगितलं होतं की मोठी नणंद घरातच असते, जपून राहा. जपून राहण्यासारखं काही निघालं नाही. उलट मला गाडी चालवता येते आणि वन्संना येत नाही, म्हणून त्यांच्याबरोबर साइटवर जायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मी शिडी धरते, बॅटरी धरते आणि लोकांची तोंडं बघते. त्यामुळे ज्या माणसाने आमच्या वन्संचं नाव मातीत घातलं, त्याचं तोंड मला चांगलं पाठ आहे.

तो सजावटकार. जुनी घरं घेऊन नवी करून द्यायचा धंदा. कपडे कडक इस्त्रीचे, आवाज मध घातलेला, आणि तोंडात एकच शब्द, मोकळं. जागा मोकळी हवी, नजर मोकळी फिरली पाहिजे, भिंतींनी माणसाचा जीव गुदमरतो. मी त्याला मोकळेराव म्हणते. समोर नाही म्हटलं कधी, पण पाठीमागे भरपूर म्हटलं.

त्या काळी वन्सं त्याच्या बऱ्याच कामांत होत्या. त्यातलं एक घर गणिताच्या बाईंचं. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, बोलायला फटकळ पण मनाने लख्ख बाई. त्यांचं स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली भिंत मोकळेरावला काढायची होती. ती वजन पेलणारी भिंत. वन्संनी आधी लोखंडी टेकू लावून घेतले, मग भिंत काढू दिली, मग तिच्या जागी वर आडवी तुळई टाकून घेतली. पण तुळईचं एक टोक जुन्या विटांवर टेकलेलं होतं आणि नवं वजन आलं की त्या विटा खाली बसतील की काय, अशी त्यांना शंका होती. वर छताजवळ एक तडा दिसत होता.

अशा वेळी वन्सं काचेला विचारतात. तड्याच्या आरपार काचेची एक पातळ पट्टी लावायची, दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात ना, तसली नाजूक काच. मग टेकूंचे जॅक, म्हणजे त्यांना वर ताणून धरणारे स्क्रू, थोडे थोडे सैल करत जायचे. भिंत जरा जरी हलली तरी काच तडकते. काच शाबूत राहिली तर भिंत स्थिर आहे, टेकू काढायला हरकत नाही. किती साधी गोष्ट. काच खोटं बोलत नाही, असं वन्सं म्हणायच्या.

काच खोटं बोलली नाही. ती तडकली होती. पण ती तडकली त्याच सुमाराला मोकळेराव आपल्या नव्या गिऱ्हाइकांना ते घर दाखवायला आणणार होता. तडकलेली काच भिंतीवर बरी दिसत नाही, म्हणून त्याने ती काढून टाकली आणि तिथे दुसरी लावली, हे पक्कं कळायला मात्र फार दिवस गेले. तड्यात लांबीचा लगदा भरला, रंगाचा हात मारला. वन्सं पुढच्या खेपेला आल्या, खालून बॅटरी मारून पाहिलं, काच शाबूत. त्या दिवशी गाडी बिघडली होती म्हणून त्या एकट्याच रिक्षाने गेल्या होत्या आणि शिडी नव्हती. त्यांनी टेकू काढायची परवानगी दिली.

छताचा कोपरा खाली आला तेव्हा बाई ओट्यापाशी होत्या. जीव वाचला, कंबर गेली. तेव्हापासून त्या काठी घेऊन चालतात.

आणि मोकळेरावने सगळ्यांसमोर हात वर केले. मी सजावटवाला माणूस, मला यातलं काय कळतं, मॅडमनी पास केलं म्हणून आम्ही टेकू काढले. खापर वन्संच्या डोक्यावर फुटलं. ढिगाऱ्यात वन्संना काचेचा एक तुकडा सापडला, खिडकीच्या काचेचा, जाड. असली काच त्यांनी जन्मात वापरली नव्हती. त्यांनी तो सगळ्यांना दाखवला. सगळ्यांनी सहानुभूतीने मान हलवली. पडलेल्या घरात काचेचा तुकडा सापडणं म्हणजे काय मोठा पुरावा, खिडक्याही फुटल्याच होत्या. कामं यायची थांबली. ज्या बाईच्या सहीवर लोक निर्धास्त झोपायचे, तिच्या सहीला कोणी विचारेना.

तो तुकडा मी घरी आणला आणि चमच्यांच्या खणात ठेवला. रोज चमचा काढताना तो दिसावा म्हणून. मिस्टर म्हणाले, कोणाचा तरी हात कापेल. मी म्हटलं, तेच बघायचंय.

वन्संनी मात्र तोंडातून ब्र काढला नाही. लहानसहान कामं घेऊ लागल्या, कुणाची गच्चीवरची पाण्याची टाकी, कुणाचा बाल्कनीचा कठडा. फरक एवढाच झाला की शिडीशिवाय त्या तड्याकडे बघेनात. आणि काच लावली की प्लास्टर ओलं असतानाच दोन्ही गोळ्यांवर आपला अंगठा दाबू लागल्या. मोकळेरावचा विषय मी काढला की म्हणायच्या, जाऊ दे ना. मला त्या ‘जाऊ दे’ची भारी चीड यायची. मनात म्हणायचे, हे एवढं वजन या बाईने ठेवलंय तरी कुठे?

मग एके दिवशी सकाळी दारात मोकळेराव उभा. इस्त्री तीच, आवाजातला मध जरा पातळ झालेला. मी दार लावणारच होते, पण वन्सं मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, येऊ दे.

त्याने स्वतःसाठी एक जुनं दुमजली घर घेतलं होतं. तो आणि त्याची म्हातारी आई, दोघंच राहायची. खालची मधली भिंत काढून तुळई टाकली होती, दिवाणखाना हवा तसा मोकळा झाला होता. आणि आता वर आईच्या खोलीचं दार लागेनासं झालं होतं. भिंतीवर तडा आला होता. हे सांगताना तो आमच्या फरशीकडे बघत होता.

मी विचारलं, तुमच्या ओळखीचे एवढे इंजिनिअर आहेत, ते कुठे गेले? तो म्हणाला, ते सगळे ठीक आहे म्हणतात. मला खरोखरच हसू आलं. लोकांच्या घरासाठी ह्याला होयबा लागत होते. स्वतःच्या छताखाली झोपायची वेळ आली तेव्हा नाही म्हणणारं माणूस शोधत आमच्या दारात आला.

तो गेल्यावर मी वन्संना स्पष्ट सांगितलं. जाऊ नका. पडू दे. त्याच्या डोक्यावर पडू दे.

"त्याची आई वर झोपते," वन्सं म्हणाल्या.

त्यांचं बरोबर होतं, आणि त्याचाही मला रागच आला.

घर सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. दारातून आत आलं की नजर थेट मागच्या बागेपर्यंत जायची, मध्ये काहीही नाही. वर राहणारी त्याची आई, ती आजी, मात्र त्या मोकळेपणाला कंटाळली होती. तिने वन्संचा हात धरून सांगितलं की दार लावायला गेलं तर अडतं, उघडायला गेलं तर रुसतं, आणि ह्याला सांगितलं तर म्हणतो, आई, दार हवंच कशाला. वन्सं हसल्या. मग शिडीवर चढून त्यांनी तडा पाहिला, तुळईची टोकं पाहिली, हातोडीने टकटक केली. खाली टेकू लावून घेतले, दिवाणखान्याच्या ऐन मध्यात, लोखंडाची अख्खी रांग. मोकळेरावचा चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा झाला.

वर तड्यावर वन्संनी काच लावली. अंगठे दाबले. मी शिडी धरून उभी होते, मोकळेराव खाली फोनवर बोलत होता. वन्संनी त्याला नंतर सगळं समजावून सांगितलं, जुन्या विटा वजन घेतात की नाही ते काच सांगेल. जॅक थोडे सैल केलेत, आता त्यांना हात लावायचा नाही. काच तडकली तर मला लगेच कळवायचं आणि आईंना खाली झोपवायचं, कारण मग मध्ये खांब घालावा लागेल. खांब म्हटल्यावर तो दचकला. दिवाणखान्याच्या मध्यात खांब? त्याच्या घरात? पुढच्या रविवारी लोक येणार होते, फोटोवाला येणार होता, ज्या घराच्या जोरावर त्याला पुढची कामं मिळायची होती ते हेच घर होतं. टेकू तोवर निघतील ना, एवढंच त्याने विचारलं. वन्सं म्हणाल्या, काच शाबूत असेल तर मी स्वतः येऊन काढून देईन.

परत येताना मी चिडून गाडी हाकली. मग दुसऱ्या दिवशी, वन्संना न सांगता, गणिताच्या बाईंना फोन लावला. माझा बेत काही फार मोठा नव्हता. रविवारी त्या पाहुण्यांच्या गर्दीत ही बाई काठी टेकत आत येऊन बसावी, आणि त्याला दिवसभर तिच्याकडे बघावं लागावं. तेवढं सुख मला पुरलं असतं.

बाई म्हणाल्या, "येणार आहे. तुमच्या वन्संनी कालच सांगितलंय."

मी फोन ठेवला आणि पुढच्या खोलीत डोकावले. वन्सं टेबलावर वाकून कुणाच्या तरी पाण्याच्या टाकीचा हिशेब करत होत्या. जाऊ दे म्हणणारी आमची बाई.

रविवारी मी निघताना चमच्यांचा खण उघडून तो तुकडा रुमालात गुंडाळून घेतला. का घेतला ते मलाही सांगता आलं नसतं.

मोकळेरावच्या घरी चांगली दहापंधरा माणसं जमलेली. फोटोवाला दिव्यांच्या छत्र्या उघडून बसला होता. टेकूंवर पांढरी कापडं गुंडाळून त्यांना शोभेच्या वस्तू करायचा प्रयत्न झाला होता. बाई बागेकडच्या खुर्चीत बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी. मोकळेरावने त्यांना ओळखलं नव्हतं. कंबर मोडलेली माणसं उंचीने कमी होतात आणि तो नेहमीच लोकांच्या डोक्यावरून बघायचा.

वन्सं सरळ वर गेल्या. मी शिडी लावली. त्या चढल्या, काचेपाशी तोंड नेलं, आणि दोन्ही गोळ्यांवरून बोट फिरवलं. मग मला म्हणाल्या, तूही बघ.

काच शाबूत होती. नाजूक, पातळ, अगदी वन्संच्या काचेसारखी. यावेळी त्याने काच बरोबर आणली होती. प्लास्टरचे गोळेही तसेच. फक्त ते गुळगुळीत होते. अंगठा कुठेच नव्हता.

पलंगावरून आजी म्हणाली की परवा पहाटे कट् असा आवाज झाला होता. मग मुलगा स्टूल घेऊन आला आणि काहीतरी चिकटवत बसला. आजीने विचारलं तर म्हणाला, काही नाही, जरा नीटनेटकं करतोय.

मी शिडी इतकी घट्ट धरली होती की हात दुखायला लागले. तीच काच, तोच लबाडपणा, आणि आता त्या तड्याखाली स्वतःची जन्मदाती. माझ्या मते हा माणूस आईला मारायला निघाला नव्हता. त्याला आयुष्यभर तडा दिसला की तो झाकायचीच सवय, आणि झाकला की तो नाहीच, असं त्याला मनापासून वाटत असावं. पण म्हणून मला त्याची दया आली नाही. तिळभरही नाही.

वन्संनी आजीला हाताला धरून खाली आणलं आणि बाईंशेजारी बागेत बसवलं. मग टेकूंजवळ उभ्या असलेल्या मजुरांच्या मुकादमाला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. त्याने मान डोलावली आणि टेकूंपासून दूर जाऊन हाताची घडी घालून उभा राहिला. हे मी पाहिलं, दुसऱ्या कोणी पाहिलं नाही.

दिवाणखान्याच्या मध्यात येऊन वन्सं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या की काच शाबूत आहे, तर आता टेकू काढायला हरकत नाही. मोकळेरावचा चेहरा उजळला. तो पाहुण्यांना सांगू लागला की या आमच्या मॅडम, फार काटेकोर, यांनी पास केलं म्हणजे बघायलाच नको. पास केलं, हे शब्द त्याने पुन्हा वापरले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"एकच गोष्ट करा," वन्सं म्हणाल्या. "मी टेकू काढेपर्यंत तुम्ही वर आईंच्या पलंगावर जाऊन बसा."

तो हसला. पाहुणेही हसले, त्यांना ती गंमत वाटली. मोकळेराव म्हणाला की फोटोवाल्याला इथे काय काय हवंय ते दाखवायचं आहे, तुम्ही चालू द्या. वन्सं म्हणाल्या, फोटोवाला थांबेल. ज्या काचेच्या भरवशावर आई रात्रभर तिथे झोपली, तिच्या भरवशावर तुम्हाला पाच मिनिटं बसायला काय हरकत आहे? त्या वाकल्या आणि पहिल्या जॅकच्या दांड्यावर हात ठेवला.

हसणं थांबलं. मोकळेराव जिन्याकडे वळला. खरंच वळला, लोकांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथेच थांबला. त्याने वर पाहिलं. माझी खात्री आहे, त्या छताकडे इतकं नीट त्याने त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.  वन्सं वाकलेल्याच होत्या, दांड्यावरचा हात हलत नव्हता, आणि त्या त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या.

"थांबा," तो म्हणाला. "हात लावू नका. काच मी बदललीय."

त्या मोकळ्या दिवाणखान्यात ते वाक्य भिंतीला अडलं नाही, थेट बागेपर्यंत गेलं. तिथून काठीचा आवाज आला. बाई उठून आत येत होत्या, हळूहळू, एकेक पाऊल टाकत, आणि लोक आपोआप बाजूला होत होते. त्या त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. वर्गात फळ्यावरचं गणित चुकल्यावर ज्या आवाजात विचारत असतील, त्याच आवाजात त्यांनी विचारलं.

"कोणती?"

मोकळेरावने त्यांच्याकडे पाहिलं. मग काठीकडे. मग मी रुमाल सोडून जो जाड तुकडा टेकूशेजारच्या टेबलावर ठेवला, त्याच्याकडेही पाहिलं.  आजी बागेतून आपल्या मुलाकडे बघत होती आणि तिला अर्धंच कळत होतं, पण तेवढंही तिला पुरत होतं.

"दोन्ही," तो म्हणाला.

बाईंनी मान हलवली. उत्तर बरोबर आलं, एवढाच त्याचा अर्थ. मग त्या वन्संकडे वळल्या आणि म्हणाल्या, माझ्या घराच्या गच्चीला ओल आलीय, कधी येशील बघायला? एवढ्या वर्षांत वन्संना रडताना मी पाहिलं नव्हतं. तेव्हा पाहिलं. पर्समध्ये रुमाल शोधताना त्यांच्या हाताला हातोडीच लागत होती, म्हणून शेवटी मी माझा दिला.

ते सगळे लोक तिथून घरोघरी गेले आणि जे सांगायचं ते सांगत सुटले. मी त्यांना अडवलं नाही. महिन्याभरात आमच्या पुढच्या खोलीत खुर्च्या कमी पडायला लागल्या.

आजीचं घर वन्संनीच सावरलं. तिच्यासाठी, असं त्या म्हणतात. आता मोकळेरावच्या दिवाणखान्याच्या बरोबर मध्यात एक खांब उभा आहे. चांगला जाडजूड. दारातून आत आलं की आधी तो दिसतो, बाग नंतर. त्याला वळसा घालून जावं लागतं. वर दार लागतं आणि उघडतं, आजी खूष आहे.

परवा भांडी आवरताना मी वन्संना विचारलं की खांब न घालता, तुळईची टोकं नव्या पायावर घेऊन, सगळं भिंतीत लपवता आलं असतं का.

"आलं असतं," त्या म्हणाल्या, आणि धुतलेले चमचे खणात, त्या काचेशेजारी, एकेक करून ठेवू लागल्या.